लॉगची साधी उदाहरणं सोडवताना नेमकं काय करायचं? (अकरावी-बारावी सायन्स)

थिवीकर

अकरावी सायन्सला गेल्या गेल्या मुलांची लॉगशी गाठ पडते. केमिस्ट्रीत पीएच, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये आकडेमोड, बारावीत डेरिव्हेटिव्ह आणि रिअ‍ॅक्शनचा वेग. आपल्याकडे गोव्यात उच्च माध्यमिकला एनसीईआरटीची पुस्तकं आहेत आणि त्यांच्या अकरावीच्या गणितात लॉगला स्वतंत्र धडा नाही. गणिताचे शिक्षक धरून चालतात की हे केमिस्ट्रीत झालं, केमिस्ट्रीचे धरून चालतात की गणितात झालं, आणि मूल मधल्यामध्ये लटकतं. म्हणून हा धागा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठूनही असा, अडलेलं उदाहरण टाका. नुसतं उत्तर नको, केलेल्या पायऱ्या टाका, म्हणजे पाय कुठे घसरला ते दिसेल.

लिहिण्याची खूण आधी ठरवू. इथे बारीक अक्षरात खाली-वर अंक उमटत नाहीत, म्हणून बेस चौकटी कंसात: लॉग[२] ८. घात असा: २^३. कंस नसेल तर बेस १०. अज्ञात संख्या क्ष.

आता मूळ गोष्ट. लॉग म्हणजे घातांक. लॉग[२] ८ हे मनात असं वाचा: "२ चा कितवा घात ८?" उत्तर ३. लॉगचं कुठलंही उदाहरण समोर आलं की आधी हा प्रश्न विचारायचा, नियम नंतर. निम्मी उदाहरणं नियमाशिवाय इथेच सुटतात.

लॉग[३] ८१. ३ चा कितवा घात ८१? ३, ९, २७, ८१. चौथा. उत्तर ४.

लॉग[८] ३२. ८ चा कुठलाच पूर्ण घात ३२ होत नाही. ८ नंतर थेट ६४ येतात. इथे मुलं हात टेकतात. पण ८ आणि ३२ दोन्ही २ चे घात आहेत. उत्तर क्ष मानू. ८^क्ष = ३२, म्हणजे २^(३क्ष) = २^५. बेस सारखे, म्हणून ३क्ष = ५, क्ष = ५/३. अंदाजही जुळतो: ८ चा पहिला घात ८, दुसरा ६४, तेव्हा उत्तर १ आणि २ च्या मध्येच हवं.

लॉग[१/३] ९. १/३ म्हणजे ३^(−१). मग −क्ष = २, क्ष = −२.

लॉग[√२] ८. √२ म्हणजे २^(१/२). क्ष/२ = ३, क्ष = ६. इथे ३/२ लिहून टाकणारे पुष्कळ. ताळा करा: √२ चा वर्ग २, सहावा घात २×२×२ = ८. बरोबर.

लॉग[७] १ = ०, लॉग[७] ७ = १. बेस कुठलाही योग्य असो, ही दोन कायम.

बेस कसा असावा? शून्यापेक्षा मोठा आणि १ सोडून. १ चा कुठलाही घात १ च, त्यामुळे लॉग[१] ५ ला उत्तर नाही आणि लॉग[१] १ ला वाट्टेल ते उत्तर. बेस ऋण घेतला तर पूर्ण घात निघतात, पण (−२)^(१/२) वास्तव संख्यांत सापडत नाही. मधेमधे भोकं पडतात, म्हणून ऋण बेस घेतच नाहीत.

बारावी_डिचोली

सर, लॉग[२] (१/८) = −३ बरोबर, पण लॉग[२] (−८) लिहिलं की चूक. ऋण चालतं की नाही?

काणकोणचा_कोन

उत्तर ऋण चालतं, आतली संख्या ऋण चालत नाही. २ चे घात लिहून बघ. २^३ = ८, २^१ = २, २^० = १, २^(−१) = १/२, २^(−३) = १/८, २^(−१०) = १/१०२४. कितीही खाली उतर, संख्या बारीक होत जाते पण शून्याला टेकत नाही, ओलांडणं तर दूरच. २ चा कितवा घात −८? कुठलाच नाही. २ चा कितवा घात ०? तोही नाही.

आणखी एक: बेस १ पेक्षा मोठा असेल, तर आतली संख्या १ पेक्षा लहान असताना उत्तर ऋण येतं. लॉग ०.३ चं उत्तर धन आलं की पुढे जाऊ नकोस, तिथेच चूक शोध.

शेवंती

नियमांचं मी लिहिते. ते पाठ केले तर परीक्षेत उलटेपालटे होतात, घातांकांवरून काढले तर होत नाहीत. ८ × ३२ घ्या. २^३ × २^५ = २^८. गुणाकार झाला संख्यांचा, बेरीज झाली घातांकांची. लॉग म्हणजे घातांक, म्हणून लॉग (अ × ब) = लॉग अ + लॉग ब. भागाकाराला वजाबाकी. अ^न ला न × लॉग अ, कारण तोच गुणाकार न वेळा. तीनच नियम, बाकीचे त्यांचीच पिल्लं.

आता जिथे गाडी रुळावरून उतरते ती ठिकाणं.

लॉग (अ + ब) ला नियम नाही. ते लॉग अ + लॉग ब होत नाही. शंका आली की संख्या घालून बघा, पण त्या संख्या निवडताना सांभाळा. पुष्कळ मुलं २ आणि २ घेतात: लॉग (२ + २) = लॉग ४, आणि लॉग २ + लॉग २ = लॉग ४. जुळलं! जुळलं ते केवळ २ + २ आणि २ × २ सारखे म्हणून. ३ आणि १.५ घेतले तरी तोच घोळ, बेरीजही ४.५ आणि गुणाकारही ४.५. १० आणि १०० घ्या: लॉग ११० साधारण २.०४, आणि लॉग १० + लॉग १०० = ३. आता फरक उघड दिसतो.

तसंच (लॉग क्ष)^२ आणि लॉग (क्ष^२). क्ष = १०० घेतलं तर पहिलं २^२ = ४, दुसरं लॉग १०००० = ४. पुन्हा फसगत. १००० घ्या: पहिलं ९, दुसरं ६. ताळा करायला २ आणि १०० या दोन संख्या टाळाच.

तिसरं ठिकाण: लॉग ८ ÷ लॉग २ आणि लॉग (८ ÷ २). पहिलं ३ येतं, दुसरं लॉग ४, म्हणजे ०.६०२०. वजाबाकीचा नियम दुसऱ्याला लागतो. पहिलं म्हणजे लॉग[२] ८, बेस बदलण्याचं सूत्र. लॉग[ब] अ = लॉग अ ÷ लॉग ब, वरखाली बेस एकच हवा, मग तो १० असो नाहीतर आणखी कुठला.

बेस बदलायचं सूत्र हाती आलं की साखळीची उदाहरणं मजेत सुटतात. लॉग[२] ३ × लॉग[३] ४ × लॉग[४] ५ × लॉग[५] ६ × लॉग[६] ७ × लॉग[७] ८. प्रत्येक तुकडा भागाकार करून लिहा. ३, ४, ५, ६, ७ चे लॉग एकदा वर एकदा खाली येऊन जातात. उरतं लॉग ८ ÷ लॉग २ = ३. लॉग ३ ची किंमतसुद्धा लागली नाही.

थिवीकर

शेवंतीताईंच्या यादीला जोडून. तीन किमती तोंडपाठ ठेवा: लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१, लॉग ७ = ०.८४५१. लॉग ५ पाठ करायची गरज नाही, ५ म्हणजे १० ÷ २, म्हणून १ − ०.३०१० = ०.६९९०. लॉग १२ = ०.३०१० + ०.३०१० + ०.४७७१ = १.०७९१. लॉग १.५ = ०.४७७१ − ०.३०१० = ०.१७६१. या तिन्हींवर १० पर्यंतच्या सगळ्या संख्यांचे लॉग निघतात. ११ आणि १३ मात्र यातून निघत नाहीत, त्यासाठी तक्ताच उघडायचा.

याच किमतीवर एक छान प्रश्न सुटतो: २^१०० मध्ये अंक किती? १०० × ०.३०१० = ३०.१०. म्हणजे संख्या १०^३० आणि १०^३१ च्या मध्ये आहे, तेव्हा अंक ३१. पूर्णांकात एक मिळवायचा हे विसरू नका. १०^२ मध्ये अंक तीन असतात, हे आठवलं की पुरे.

बारावी_डिचोली

हे उदाहरण बघा. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १.
क्ष(क्ष − ३) = १०
क्ष^२ − ३क्ष − १० = ०
(क्ष − ५)(क्ष + २) = ०
उत्तर ५ आणि −२. पुस्तकात फक्त ५ आहे.

साखळी_सायन्स

आणि हे माझं. लॉग (क्ष + २) = लॉग क्ष + लॉग ३. मी दोन्हीकडचा लॉग काढून टाकला, क्ष + २ = क्ष + ३ आलं. २ = ३. उत्तर नाही असं लिहू?

काणकोणचा_कोन

डिचोली, पायऱ्या चोख आहेत, शेवटची राहिली. −२ मूळ समीकरणात घाल: लॉग (−२) + लॉग (−५). दोन्ही अस्तित्वात नाहीत. मग ते आलं कुठून? दोन लॉग एकत्र करून तू क्ष(क्ष − ३) केलंस, आणि दोन ऋणांचा गुणाकार (−२)(−५) = १० धन होतो. एकत्र केलेल्या लॉगला तो चालतो, सुट्या लॉगना चालत नाही. म्हणून सोडवायला घेण्याआधीच समासात अट लिहायची: क्ष > ० आणि क्ष − ३ > ०, म्हणजे क्ष > ३. शेवटी त्या अटीत न बसणारं उत्तर खोडायचं आणि का खोडलं ते एका ओळीत लिहायचं.

साखळी, "लॉग काढून टाकणे" ही क्रिया तेव्हाच करायची जेव्हा डावीकडे एकच लॉग, उजवीकडे एकच लॉग, बेस सारखा आणि आजूबाजूला काही नाही. तुझ्या उजवीकडे दोन आहेत. आधी जोड: लॉग क्ष + लॉग ३ = लॉग ३क्ष. आता क्ष + २ = ३क्ष, क्ष = १. ताळा: लॉग ३ = लॉग १ + लॉग ३ = ० + लॉग ३. जमलं.

आता उलट बाजूचा खड्डा. वरच्या अटीच्या नादात ऋण दिसलं की खोडायची सवय लागते. लॉग (क्ष^२) = २ घ्या. क्ष^२ = १००, क्ष = १० किंवा −१०. दोन्ही बरोबर, कारण आत क्ष^२ आहे आणि (−१०)^२ = १०० धन आहे. पण कुणी पहिल्याच पायरीला २ लॉग क्ष = २ लिहिलं, तर −१० हरवतं. घात पुढे आणताना, तो घात सम असेल आणि क्ष ऋण असू शकत असेल, तर आत क्ष ची केवळ किंमत, म्हणजे |क्ष| लिहायची. ऋण दिसतं म्हणून खोडू नका, मूळ समीकरणात घालून बघून खोडा.

रसायनशाळा

गणितवाल्यांनी पाया घातला, मी तक्त्याकडे वळतो. बारावीचा प्रश्न सुटतो पण आकडेमोडीत गुण जातात ते तक्ता वाचता येत नाही म्हणून. चार अंकी तक्त्यावर ३४.५६ × ०.०७२१ करून दाखवतो.

लॉगचे दोन भाग: दशांश चिन्हाआधीचा कॅरॅक्टरिस्टिक आणि नंतरचा मँटिसा. कॅरॅक्टरिस्टिक तक्त्यात नसतो, तो आपण काढायचा. संख्या वैज्ञानिक पद्धतीत लिहा: ३४.५६ = ३.४५६ × १०^१, कॅरॅक्टरिस्टिक १. ०.०७२१ = ७.२१ × १०^(−२), कॅरॅक्टरिस्टिक −२.

मँटिसा तक्त्यातून. ३४.५६ साठी ३४ ची ओळ, ५ चा रकाना: ५३७८. त्याच ओळीत उजवीकडच्या बारीक रकान्यांत ६ खाली ८. ५३७८ + ८ = ५३८६. लॉग ३४.५६ = १.५३८६. हे ८ दुसऱ्याच ओळीतून उचलणं ही नेहमीची चूक. ओळीखाली पट्टी धरा.

७.२१ साठी ७२ ची ओळ, १ चा रकाना: ८५७९. लॉग ०.०७२१ = बार२.८५७९. बार म्हणजे २ च्या डोक्यावर आडवी रेघ. ती रेघ फक्त २ वर आहे. ०.८५७९ धनच आहे. बार२.८५७९ म्हणजे −२ + ०.८५७९ = −१.१४२१. ते −२.८५७९ नव्हे.

बेरीज: मँटिसा आधी. ०.५३८६ + ०.८५७९ = १.३९६५. हातचा १. कॅरॅक्टरिस्टिक: १ + (−२) + १ = ०. एकूण ०.३९६५. हातचा बारच्या बाजूला नेताना चिन्ह चुकतं. तो नेहमी +१.

अँटिलॉग: .३९ ची ओळ, ६ चा रकाना २४८९, बारीक रकान्यात ५ खाली ३. २४९२. कॅरॅक्टरिस्टिक ० म्हणजे २.४९२ × १०^०. उत्तर २.४९२. हाताने गुणाकार केला तर २.४९१७७६ येतं, म्हणजे चार अंकांपर्यंत तंतोतंत. अँटिलॉग काढायला लॉगचं पान उघडलं तर वेगळाच आकडा येईल. पानाच्या माथ्यावरचं नाव आधी वाचा.

घनमूळ काढताना बार जास्त छळतो. ०.०७२१ चं घनमूळ: बार२.८५७९ ला ३ ने भागायचं. २ ला ३ ने भाग जात नाही आणि थेट भागलं की सगळं बिघडतं. −२ च्या जागी −३ + १ लिहा: −३ + १.८५७९. आता भागा: −१ + ०.६१९३ = बार१.६१९३. अँटिलॉग ४१६२, उत्तर ०.४१६२. (०.४१६२ चा घन करून बघा, ०.०७२१ च्या अगदी जवळ येतो.)

साखळी_सायन्स

सर, पीएचला बार वापरायचा का? २.५ × १०^(−४) चं पीएच मला ४.३९७९ येतं आणि उत्तर ३.६० आहे.

रसायनशाळा

पीएचला बार न वापरलेलाच बरा. पीएच = −लॉग (हायड्रोजन आयनांचं कॉन्सन्ट्रेशन). लॉग (२.५ × १०^(−४)) = ०.३९७९ − ४ = −३.६०२१. उणे केलं की ३.६०२१. तू −४ आणि ०.३९७९ एकत्र जोडून ४.३९७९ केलंस, म्हणजे बार४.३९७९ ची रेघ पूर्ण आकड्यावर ओढलीस. अंदाजाने पकडता येतं: २.५ × १०^(−४) हे १०^(−४) पेक्षा जास्त आम्लधर्मी, मग पीएच ४ पेक्षा कमीच हवं.

उलट जाताना: पीएच ५.३ असेल तर कॉन्सन्ट्रेशन १०^(−५.३). तक्त्यात ऋण मँटिसा नाही, म्हणून −५.३ = −६ + ०.७. अँटिलॉग ०.७ = ५.०१२. उत्तर ५.०१२ × १०^(−६). अँटिलॉग ०.३ काढून २ × १०^(−५) लिहिलं की चौपट चूक होते, आणि ही चूक पेपरामागून पेपर दिसते.

पहिल्या क्रमाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये तर लॉग कळला की आकडेमोड जवळजवळ उरतच नाही. वेळ = (२.३०३ ÷ के) × लॉग (सुरुवातीचं ÷ उरलेलं), के म्हणजे वेगाचा स्थिरांक. ९०% संपलं तर १०० ÷ १०, लॉग १० = १. ९९% संपलं तर १०० ÷ १, लॉग १०० = २. म्हणजे ९९% ला ९०% च्या बरोबर दुप्पट वेळ, ९९.९% ला तिप्पट. तक्ता उघडायचं कारणच नाही. कंसात "उरलेलं" घालायचं असतं, "संपलेलं" नव्हे. १०० ÷ ९० घातलं की उत्तर भलतंच लहान येतं.

बारावी_डिचोली

केमिस्ट्रीत २.३०३ येतो, गणितात कुठेच येत नाही. लॉग एकच ना?

थिवीकर

हा प्रश्न फार महत्त्वाचा आणि वर्गात क्वचितच कुणी विचारतो. एकच नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या गणितात, सातत्य आणि डेरिव्हेटिव्हच्या धड्यात, लॉग क्ष म्हणजे बेस ई हे सांगून टाकलंय, आणि मग पुढे सगळीकडे तसंच चालतं. ई साधारण २.७१८. केमिस्ट्रीच्या पुस्तकात लॉग म्हणजे बेस १० आणि बेस ई साठी एलएन. तोच शब्द, दोन पुस्तकं, दोन बेस.

दोघांना जोडणारा आकडा २.३०३, म्हणजे लॉग[ई] १०. एलएन क्ष = २.३०३ × लॉग[१०] क्ष. म्हणून गणितात लॉग क्ष चं डेरिव्हेटिव्ह १/क्ष आणि तेच बेस १० ला ०.४३४३/क्ष होतं (०.४३४३ म्हणजे १ ÷ २.३०३). नर्न्स्टच्या (विद्युत घटाचं व्होल्टेज काढायच्या) सूत्रातल्या ०.०५९१ मध्ये २.३०३ आधीच मुरलाय, तो २९८ केल्विनचा आकडा आहे, तिथे बेस १० चाच लॉग घालायचा. ०.०५९१ घेऊन वर एलएन घातला की २.३ पट चूक.

कॅल्क्युलेटरवर दोन वेगळी बटणं असतात: लॉग म्हणजे १०, एलएन म्हणजे ई. पण कॉम्प्युटरच्या पायथन, सी या भाषांत नुसतं लॉग लिहिलं तर बेस ई धरतात. कुठलं साधन हाती असो, आधी लॉग १०० विचारा. २ आलं तर बेस १०, ४.६०५ आलं तर बेस ई.

इतिहासात डोकावलं तर जॉन नेपिअर यांचे तक्ते १६१४ साली आले, पण ते बेस १० चे नव्हते. १० वर आधारलेले तक्ते हेन्री ब्रिग्ज यांनी बनवले, १६२४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ छापून आला. गुणाकाराची बेरीज करायची तर दशमान पद्धतीला १० सोयीचा, कारण मँटिसा तोच राहतो आणि फक्त कॅरॅक्टरिस्टिक बदलतो. ३.४५६, ३४.५६, ३४५.६ तिन्हींना ५३८६ च. डेरिव्हेटिव्हला ई सोयीचा. दोन्ही टिकले ते या कारणाने.

पर्वरीचा_आवाज

ध्वनीचं एक देतो, आपल्या किनारपट्टीवर रोजचा विषय. डेसिबल = १० × लॉग (तीव्रता ÷ १०^(−१२)), तीव्रता वॅट प्रति चौरस मीटरमध्ये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते ६, ४५ डेसिबल मर्यादा आहे. लोकांना वाटतं फरक फक्त १० चा. पण १० डेसिबल म्हणजे लॉगमध्ये १, म्हणजे तीव्रता दहापट. रात्रीची परवानगी दिवसाच्या एकदशांश आहे.

एका स्पीकरचे ७० डेसिबल, शेजारी तसाच दुसरा. १४० नाही होत. तीव्रता दुप्पट, लॉग २ = ०.३०१०, दहाने गुणून ३. एकूण ७३. हेच उलट बाजूने: दहा स्पीकरांतले पाच बंद केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. ७५ वरून ५५ वर यायचं तर तीव्रता शंभरावा हिस्सा करावी लागते.

वेगवेगळे आवाज असतील तर लॉग उघडून, तीव्रता जोडून, पुन्हा लॉग. ७५ आणि ६५: १०^७.५ + १०^६.५ = ३.१६२ × १०^७ + ०.३१६ × १०^७ = ३.४७८ × १०^७. लॉग ७.५४१३, म्हणजे ७५.४ डेसिबल. लहान आवाजाने अर्ध्या डेसिबलहूनही कमी भर घातली. शेवंतीताईंनी वर सांगितलं की लॉग (अ + ब) ला नियम नाही, त्याचं हे रोजच्या व्यवहारातलं उदाहरण.

शेवंती

जनगणनेवर एक. गोव्याची लोकसंख्या २००१ ला १३,४७,६६८ आणि २०११ ला १४,५८,५४५. याच वेगाने वाढली असं धरलं तर दुप्पट व्हायला किती वर्षं?

दहा वर्षांत गुणक १४,५८,५४५ ÷ १३,४७,६६८ = १.०८२३ च्या आसपास. न दशकं लागतील तर १.०८२३^न = २. दोन्हीकडे लॉग: न × लॉग १.०८२३ = ०.३०१०. अज्ञात घातात अडकला की त्याला खाली आणायला लॉगच लागतो.

आता चार अंकी तक्त्याची मर्यादा बघा. १.०८२ चा लॉग तक्त्यात ०.०३४२. न = ८.८०, म्हणजे ८८ वर्षं. दुसऱ्या वाटेने, दोन्ही लोकसंख्यांचे लॉग काढून वजा केले तर १.४५९ चा ०.१६४१ आणि १.३४८ चा ०.१२९७, फरक ०.०३४४, न = ८.७५, म्हणजे साडेसत्याऐंशी वर्षं. कॅल्क्युलेटर ८७.७ सांगतो. दोन्ही वाटा बरोबर आहेत, पण लॉग इतका लहान असताना चौथ्या अंकातला एक-दोनाचा फरकसुद्धा उत्तरात दिसतो. अशा ठिकाणी "सुमारे ८८ वर्षं" लिहायचं, दशांशाच्या मागे लागायचं नाही.

साखळी_सायन्स

देव बरें करूं सगळ्यांचं. पीएचची पाचही उदाहरणं जुळली. आता असमानतेचं एक अडलंय. लॉग[०.५] (क्ष − १) > २. मी क्ष − १ > ०.२५ केलं, क्ष > १.२५. उत्तर १ < क्ष < १.२५ दिलंय.

काणकोणचा_कोन

बेस ०.५ आहे, १ पेक्षा लहान. ०.५ चे घात वाढत्या क्रमाने लिही: ०.५, ०.२५, ०.१२५. घातांक वाढतो तशी संख्या घटते. म्हणजे लॉग मोठा हवा तर आतली संख्या लहान हवी. म्हणून लॉग काढताना चिन्ह फिरवायचं: क्ष − १ < ०.२५. बेस १ पेक्षा मोठा असता तर फिरवलं नसतं. आणि समासातली अट सोडायची नाही: क्ष − १ > ०. दोन्ही मिळून १ < क्ष < १.२५.

दोन संख्या घालून पडताळ. क्ष = १.१ घे: लॉग[०.५] ०.१ = लॉग ०.१ ÷ लॉग ०.५ = (−१) ÷ (−०.३०१०) = ३.३२, २ पेक्षा मोठा. आता तुझ्या उत्तरातला क्ष = २ घे: लॉग[०.५] १ = ०, २ पेक्षा मोठा नाही.